माझं तर ऐकतो

"अनु, बाळ कुठं ठेवलंस रे?"

प्रेमला तिसऱ्यांदा विचारत होती. अनु नाताळसाठी मांडलेल्या गव्हाणीसमोर पाठमोरा बसला होता आणि मातीच्या गाईला गव्हाचे कोवळे अंकुर चारत होता. योसेफ होता, मरिया होती, तीन मेंढ्या होत्या. मधली, बाळ येशूची गवताची जागा तेवढी रिकामी होती.

"अनु, मी तुझ्याशी बोलतेय."

अनुनं गाईला दुसरा घास दिला.

मी ओट्यावर बसून वेळूच्या काड्यांचा तारा बांधत होतो. तिथूनच ओरडलो, "अनुग्रह!"

त्यानं मान वळवून इकडं तिकडं पाहिलं आणि मी दिसल्यावर हसला.

"बघितलंस?" मी प्रेमलाला म्हणालो. "माझं तर ऐकतो. तुझंच ऐकत नाही. लाडावून ठेवलायस."

प्रेमला गव्हाणीपाशी आली. त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याची हनुवटी आपल्याकडे वळवली आणि हळू विचारलं, "बाळ कुठंय?"

"केकात," अनु म्हणाला.

"कुठं?"

"केकात. पोटात." आणि मग तिच्याच तोंडाकडं बघत, तिला कसं एवढंही कळत नाही अशा सुरात, "अजून झाला नाही ना."

बाळ पंचवीस तारखेला जन्मणार, हे तिनंच त्याला सांगितलं होतं. त्या दिवशी तेवीस तारीख होती. सकाळी केकचं मिश्रण डब्यांत ओतून ते बेकरीत भाजायला मीच देऊन आलो होतो. मी सायकल काढली आणि बेकरी गाठली, तोवर आमचे तिन्ही डबे भट्टीत गेले होते. बेकरीवाले अब्दुलभाई पोट धरून हसले. "मास्तर, तुमच्या केकात येशूबाबा शिजतोय म्हणा की," म्हणाले. संध्याकाळी केक घरी आणल्यावर प्रेमलानं स्वेटरची सुई खुपसून बघितली. तिसऱ्या केकात सुई कट्‌ करून अडली.

"राहू दे," ती म्हणाली. "पंचवीसलाच काढू. त्याचं म्हणणं बरोबर आहे."

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावी, मिशनच्या आवारात राहायचो. मी शांतवन त्रिभुवन, तिथल्या हायस्कुलात ड्रिल मास्तर. चर्च, शाळा, मैदान आणि शिक्षकांच्या चार खोल्या, सगळं एका कुंपणात. माझा आवाज त्या मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा. पोरं म्हणायची, त्रिभुवन सरांना शिट्टीची गरजच नाही. मला त्याचा अभिमान होता. माझी शिस्त, माझी परेड, माझा कबड्डीचा संघ. आणि अनुग्रह माझा एकुलता एक मुलगा, साडेचार वर्षांचा.

लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी नाताळच्या आमच्या अशा काही रीती पाडल्या होत्या. डिसेंबर लागला की परातीत गहू पेरायचे, म्हणजे पंचवीसपर्यंत गव्हाणीला हिरवळ होते. बावीसला करंज्या आणि शंकरपाळे, तेवीसला केक, चोवीसला तारा वर चढवायचा. तारा मीच बांधायचो. दर वर्षी तो एका अंगाला थोडा वाकडा व्हायचा आणि दर वर्षी प्रेमला म्हणायची, वाराच तसा आहे. अनु आल्यावर त्यात त्याच्या खोड्यांची भर पडली. तीन वर्षांचा असताना त्यानं करंजीचं सगळं सारण मांजरीला वाढलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी ताऱ्याचा लाल कागद ओला करून गाल रंगवून घेतले होते. आम्ही रागावायचो आणि मागे जाऊन हसायचो.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. अनुला पहिल्यांदाच संडे स्कूलच्या कार्यक्रमात उभं राहायचं होतं. नाताळच्या दिवशी उपासना झाली की चर्चसमोरच्या मांडवात कार्यक्रम व्हायचा. शेवटी सांताक्लॉज यायचा, एकेका मुलाचं नाव पुकारायचा. मुलानं त्याच्यासमोर गाणं, कविता, काहीतरी म्हणायचं आणि बक्षीस घ्यायचं. बक्षिसं अर्थातच आईबापांनी आणून आधी पोत्यात भरलेली असायची. मी नगरहून एक लहान फुटबॉल आणला होता, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा.

कविता मीच रचली. दोनच ओळी होत्या.

गोठ्यातल्या बाळा रे, थंडी फार पडली,
ही घे माझी गोधडी, आईने शिवली.

रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी अनुला समोर उभं करून घोकून घ्यायचो. तो ओळी म्हणायचा, पण थंडीची हटकून अंडी करायचा. "अंडी फार पडली." पहिल्या दिवशी आम्ही हसलो. चौथ्या दिवशी मला हसू येईना.

"थंडी. थं. म्हण, थंडी."

खाली वाकून मी तोंडासमोर तोंड नेऊन म्हटलं की तो माझ्या जिभेकडं डोळे मोठे करून बघायचा आणि अगदी स्वच्छ म्हणायचा, "थंडी." मी उठून पाठ वळवली की पुन्हा अंडी.

"येतं त्याला," मी प्रेमलाला सांगायचो. "कंटाळा करतो."

एकदा ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, एक ऐकता का? त्याला एकदा मागून हाक मारून बघा. हळू आवाजात."

"कशाला?"

"बघा तर. मला वाटतं त्याला नीट ऐकू येत नाही."

हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. अनु दोन वर्षांचा असताना पाळण्यात निजला होता आणि शेजारीच कुकरची शिट्टी झाली. तो हललासुद्धा नाही, तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली होती. मग म्हणाली, मी कांकणं वाजवली तरी बघत नाही. मग म्हणाली, तुम्ही मैदानात शिट्टी मारता तेव्हा सगळी पोरं वळतात, हा वळत नाही. नगरच्या कानाच्या डॉक्टरकडं एकदा नेऊ या. दोन वर्षं ती म्हणत होती. मी म्हणत होतो, क्रीडास्पर्धा झाल्या की जाऊ. परीक्षा झाल्या की जाऊ.

"शिट्टी ऐकून पळायला तो काय माझा विद्यार्थी आहे?" मी म्हणालो.

"तुम्ही मागून हाक तर मारा."

मी उठलो. अनु कोपऱ्यात खेळत होता. मी त्याच्या पाठीमागं दोन पावलांवर उभा राहिलो आणि म्हणालो, "अनुग्रह, सावधान!"

हळू म्हणायचा माझा इरादा होता. पण माझा हळू आवाज म्हणजे इतरांची हाकाटी. अनु ताडकन उठला आणि हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला.

"झालं समाधान?" मी म्हणालो. "आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही. आणि परत असलं काही बोलू नकोस. लोकांच्या कानावर गेलं तर पोराला नावं ठेवतील."

प्रेमलानं पोळी तव्यावर टाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "कान दुखतोय म्हणत होता सकाळी. सर्दी पण झालीय."

"नाताळ झाला की बघू," मी म्हणालो.

पंचवीस तारखेला अनुचं नाक वाहत होतं आणि तोंड उघडं टाकून तो श्वास घेत होता. प्रेमलानं त्याला नवा निळा स्वेटर घातला, केसांना तेल लावलं. चर्चला जाताना मी त्याच्याकडून कविता चारदा म्हणवून घेतली. चारही वेळा त्यानं माझ्याकडं तोंड वर करून बरोबर म्हटली. चौथ्यांदा म्हटल्यावर मी त्याला खांद्यावर घेतलं. मला अजून आठवतं, वाटेत जो भेटेल त्याला मी सांगत होतो, आज आमचा अनुग्रह म्हणणार आहे बरं का.

मांडव गच्च भरला होता. पुढं सतरंजीवर मुलं, मागं बाकांवर बायका, कडेनं पुरुष. हेडमास्तर आणि चर्चचे पाळकसाहेब पहिल्या रांगेत खुर्च्यांवर. सांताक्लॉज झाले होते दवाखान्यातले कंपाउंडर आढावकाका. दर वर्षी तेच व्हायचे. लाल झगा, पोटाला उशी आणि दवाखान्यातल्या कापसाची एवढी मोठी दाढी, की डोळे सोडून तोंडावरचं काही दिसत नव्हतं. बैलगाडीतून उतरले, पोतं खुर्चीशेजारी ठेवलं आणि नावं पुकारायला लागले.

पाच-सहा मुलांनंतर ते म्हणाले, "अनुग्रह त्रिभुवन!"

अनु सतरंजीवर बसून होता. शेजारच्या मुलीनं त्याला ढोसलं, तेव्हा तो उठला आणि पुढं गेला. सांताक्लॉज बघून त्याचा चेहरा फुलला होता.

"काय नाव तुझं, बाळा?" आढावकाकांनी विचारलं.

अनु त्यांच्याकडं बघत राहिला.

"नाव सांग की. बरं, काय म्हणणार तू आमच्यासाठी?"

अनु बघत राहिला. त्याची नजर त्यांच्या डोळ्यांवरून खाली दाढीवर आली आणि तिथं काहीतरी शोधू लागली. मांडवात एकदोघं हसले.

"लाजतोय," आढावकाका म्हणाले. "म्हण, म्हण. गोठ्यातल्या बाळा..." ओळी मीच त्यांना आधी सांगून ठेवल्या होत्या.

मी कडेनं खूण केली. अनुचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तो एक पाऊल पुढं सरकला, पायाच्या बोटांवर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी ती दाढी धरून वर उचलू लागला.

आढावकाका "अरे, अरे" म्हणत मागं सरकले आणि दाढी दोऱ्यासकट अनुच्या हातात आली.  सतरंजीवरची एक चिमुरडी भोकाड पसरून रडायला लागली, "हे तर दवाखान्यातले काका!" तिच्यामागून आणखी चारपाच जणांनी सूर लावला. मोठी पोरं टाळ्या पिटू लागली. हेडमास्तरांनी माझ्याकडं वळून पाहिलं. ते हसतच होते, आता मला कळतं. तेव्हा मला ते हसू वेगळंच वाटलं.

अनु मात्र आढावकाकांच्या उघड्या तोंडाकडं बघून खुश झाला होता. आता काय ते विचारा, अशी वाट बघत उभा होता. पण आढावकाका झग्याची बाही तोंडावर धरून दाढी शोधत होते. बिचारा चांगला माणूस. एका हातानं दाढी चिकटवत त्यांनी दुसऱ्या हातानं पोत्यातून फुटबॉल काढला आणि अनुच्या हातात दिला. "जा बाबा, मेरी ख्रिसमस," म्हणाले.

अनुनं चेंडू छातीशी धरला. तो वळला तोवर मी पुढं पोचलो होतो.

"कविता म्हण," मी म्हणालो.

त्याला सर्दीनं धाप लागली होती. मी उभा होतो, त्याच्या डोक्याच्या वर. तो चेंडूकडं बघत होता.

"न म्हणणाऱ्याला बक्षीस नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला.

चेंडू लगेच सुटला नाही. अनुनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मला ओढावा लागला. मी चेंडू पोत्यात टाकला आणि आढावकाकांना म्हणालो, "पुढचं नाव घ्या."

"असू द्या हो सर, लहान आहे," ते पुटपुटले.

"लहानपणीच वळण लागतं."

बायकांच्या बाकांवरून प्रेमला उठून उभी राहिली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. परत येऊन आपल्या जागी हाताची घडी घालून उभा राहिलो. त्या क्षणी मला, खरं सांगतो, वाईट वाटत नव्हतं. योग्य तेच केलं असं वाटत होतं. चार लोकांपुढं आपला आब राहिला असं वाटत होतं.

पुढची पाचसात मुलं झाली. मग प्रेमला गर्दीतून माझ्यापर्यंत आली. "अनु कुठाय?"

"तिथंच असेल सतरंजीवर."

"नाही. मी सगळीकडं बघितलं."

आम्ही मांडवाच्या मागं पाहिलं, चर्चमध्ये पाहिलं, बैलगाडीखाली पाहिलं. प्रेमला घराकडं धावली. मी फाटकाकडं गेलो, कारण फाटकाबाहेर मोठा रस्ता होता आणि उसाच्या गाड्यांची ये-जा चालू होती. रस्त्यावर तो नव्हता. मी हाका मारत सुटलो. "अनुग्रह! अनुग्रह!" माझा आवाज आवारातल्या विहिरीपर्यंत जाऊन परत येत होता. विहिरीत डोकावलो. पाणी शांत होतं. पाचएक मिनिटं झाली असतील, मला तासाएवढी वाटली. आणि भीती जसजशी वाढत होती तसतसा रागही वाढत होता. एवढ्या हाका मारतोय, ओ द्यायला काय होतं या पोराला?

शाळेच्या मैदानात आलो तर लांब उडीच्या वाळूच्या हौदात तो निळा स्वेटर दिसला. माझ्याकडं पाठ करून बसला होता. दोन्ही हातांनी वाळू गोळा करून तिचा गोल चेंडू करायचा प्रयत्न करत होता. वाळू कोरडी होती. ढीग होत होता आणि ओघळत होता.

मी वीस पावलांवरून ओरडलो, "अनुग्रह!"

त्यानं वाळू गोळा केली.

दहा पावलांवरून ओरडलो. मग अगदी त्याच्या मागं येऊन ओरडलो. त्या आवाजावर तीनशे पोरं एका ताठ रांगेत यायची. तो वळला नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी हात उचलला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला.

तो तोंडावर वाळूत पडला. उठून वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी कधी विसरू शकलो नाही. मार खाणारी पोरं मी खूप पाहिली होती. मार येणार हे त्यांना आधी कळलेलं असतं, त्यांची अंगं आधीच आखडलेली असतात. याला काहीच कळलं नव्हतं. मी तिथं आहे हेच त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं, ओठ थरथरायला लागले. आणि मग माझ्या तोंडाकडं बघत, नाकातोंडाला वाळू लागलेली असताना, तो हुंदके देत म्हणायला लागला, "गोठ्यातल्या बाळा रे, थंडी फार पडली..."

त्यानं दोन्ही ओळी पूर्ण म्हटल्या. थंडी अगदी बरोबर म्हटली.

मी तिथंच गुडघ्यांवर बसलो. त्याची वाळू झटकली, तोंड पुसलं. त्याचे हुंदके थांबल्यावर तो पुन्हा वळून वाळूशी खेळू लागला. तेव्हा मी उठलो, त्याच्या मागं गेलो आणि हाक मारली. आधी प्रेमला सांगायची तशी, हळू. मग थोडी मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. अनु. अनुग्रह. अनु बाळा. मी किती वेळा हाक मारली कोण जाणे. तो वाळूचा ढीग थोपटत होता.

मान वर केली तर हौदापलीकडं प्रेमला उभी होती. घरून धावत आली होती, पदर खांद्यावरून घसरला होता. मी मुलाच्या पाठीमागं उभा राहून त्याला हाका मारतोय हे ती बघत होती. किती वेळ बघत होती ते मला माहीत नाही. 'मी सांगत होते' असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती आली, पदरानं त्याचं नाक पुसलं आणि त्याला कडेवर घेतलं.

"चला, त्याला भूक लागली असेल," एवढंच म्हणाली.

धपाट्याचं मी तिला सांगितलं नाही. घरी गेल्यावर तिनं तिसरा केक कापायला घेतला, अनुनं बोट घालून आतून बाळ काढलं आणि ते दोघं हसले. मी ओट्यावर बसून होतो. पाच वाजता आढावकाका फुटबॉल घेऊन आले. "राहिला होता पोत्यात," म्हणाले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथं एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी दोन दिवस तपासण्या केल्या. शेवटी त्यांनी अनुला समोर बसवलं, एक कोरा कागद आपल्या तोंडासमोर धरला आणि त्याला नाव विचारलं. अनु गप्प. कागद बाजूला केला आणि तेवढ्याच आवाजात विचारलं. "अनुग्लह," तो म्हणाला.

"हा ओठ वाचतो," डॉक्टर म्हणाले. "कुणी न शिकवता शिकलाय. हुशार आहे. जाड, खालच्या पट्टीतले, मोठे आवाज त्याला थोडे ऐकू येतात. बायकांचे आवाज, शिट्टी, बारीक आवाज जवळजवळ नाहीत. आणि सर्दी झाली की जे आहे तेही बंद."

मला मांडव आठवला. अनु त्या कापसाखाली काय शोधत होता, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

"कानाला यंत्र बसवू," डॉक्टर पुढं म्हणाले. "विशेष शाळेत घालावं लागेल. बोलेल तो. पण बोलणं शिकायची पहिली वर्षं गेली. अडीच-तीन वर्षांचा असताना आणला असता तर खूपच फरक पडला असता. तुमच्या लक्षात कधी आलं?"

मी तोंड उघडलं. माझ्या मोठ्या आवाजाचा कुठं पत्ता नव्हता.

"आम्हाला उशिरा कळलं," प्रेमला म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. ती डॉक्टरांकडंच बघत होती. डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं. तिला उशिरा कळलं नव्हतं, तिला वेळेवर कळलं होतं, हे मी तिथं म्हणायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी गप्प बसलो आणि ते वाक्य आमच्या दोघांचं झालं. पुढं घरच्यांना, शेजाऱ्यांना, शाळेतल्या बाईंना, सगळ्यांना आम्ही तेच सांगत गेलो. आम्हाला उशिरा कळलं.

प्रेमला अनुला घेऊन पुण्यात राहिली. एका खोलीत, सात वर्षं. मी शनिवारी जायचो, रविवारी परतायचो. आरशासमोर बसवून, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवून, तिनं त्याला एकेक अक्षर शिकवलं. तो बोलायला लागला. जड, नाकातून, अनोळखी माणसाला दोनदा विचारावं लागेल असं. पण बोलायला लागला. हुशार होता, ड्रॉइंगमध्ये पहिला यायचा.

तो अठरा वर्षांचा असताना एका कॉलेजात मुलाखतीला गेला. लेखी परीक्षेत त्याचे गुण चांगले होते. मुलाखतीत कुणाला तरी त्याचं बोलणं कळेना आणि त्यांनी त्याला घेतलं नाही. घरी आला आणि पिशवी भिंतीवर फेकली. कुठल्या तरी पुस्तकात त्यानं वाचलं होतं की लवकर उपचार झालेली मुलं जवळजवळ इतरांसारखी बोलतात.

"कळलं कसं नाही तुम्हाला?" तो आईवर ओरडला. "पप्पा शाळेत असायचे, पण तू? तू दिवसभर माझ्याबरोबर होतीस! आई असून तुला कळू नये?"

मी खिडकीजवळ वर्तमानपत्र वाचत होतो. त्याची पाठ माझ्याकडं होती.

"चुकलं रे माझं," प्रेमला म्हणाली.

मी वर्तमानपत्राची घडी घातली नाही. त्या पानावर काय होतं ते मला आजही सांगता येईल. कांद्याचे भाव, एका पुलाचं उद्घाटन, कुठल्या तरी कारखान्याची निवडणूक. मी सगळं वाचलं. त्यानंतर अनु दोन महिने तिच्याशी नीट बोलला नाही. मग हळूहळू बोलायला लागला, पण ते वाक्य त्यानं मागं घेतलं नाही आणि तिनं कधी त्याला खोडून काढलं नाही. एकदा मीच तिला म्हणालो, "मी सांगू का त्याला?" ती म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल तर सांगा." मला वाटत होतं. मी सांगितलं नाही.

प्रेमला जाऊन सहा वर्षं झाली. अनु आता पुण्यात एका कंपनीत मशीनची चित्रं काढतो. चांगली नोकरी आहे, बायको समंजस आहे. मुलगी तीन वर्षांची. ती जन्मली त्याच आठवड्यात त्यानं तिचे कान तपासून घेतले.

गेल्या नाताळला मी त्यांच्याकडं होतो. जेवणं झाली, सूनबाई पोरीला निजवायला आत गेली. आम्ही दोघंच टेबलाशी राहिलो. अनुला काही सांगायचं तर त्याच्या डोळ्यांसमोर तोंड धरूनच सांगावं लागतं. इकडं तिकडं बघत, पुटपुटत सांगता येत नाही. म्हणून इतकी वर्षं मी टाळलं असावं. त्या दुपारी मी खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि सगळं सांगितलं. कुकरची शिट्टी, कांकणं, दोन वर्षं ती काय म्हणत होती आणि मी काय म्हणत होतो. चेंडू. वाळूचा हौद. धपाटा.

धपाटा त्याला आठवत नव्हता. चेंडूही आठवत नव्हता.  तो माझ्या ओठांकडं बघत राहिला, मी थांबल्यावरही.

"म्हणजे आईला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"पहिल्यापासून."

"तू दोन वर्षांचा होतास तेव्हापासून."

त्यानं टेबलावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.  मग त्याच्या त्या जड, नाकातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला,

"मी तिला काय काय बोललो, पप्पा. तुम्ही त्याच खोलीत होतात."

"हो," मी म्हणालो. "तिथंच बसलो होतो."